‘२५ डिसेंबर चर्चने ढापला’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाताळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: २५ डिसेंबर हा मुळात मिथ्राचा (रोमन साम्राज्यात पुजला जाणारा एक देव) आणि रोमन सूर्यदेवाचा जन्मदिवस, चर्चने तो ढापला, नाताळाचं झाडही मूर्तिपूजकांचंच, आपल्याकडे हा सण इंग्रजांनी आणला, आणि हे सगळं लपवून मी चर्चची तळी उचलतोय.

मिथ्राचं आधी उरकतो. तो खडकातून जन्मतानाची शिल्पं ठिकठिकाणी सापडली आहेत, पण त्याचा जन्म २५ डिसेंबरचा असल्याचं कुठल्याही प्राचीन लेखात नाही. व्हॉट्सॲपवर आहे, तेवढंच.

सूर्याचं प्रकरण मात्र असं झटकून टाकण्यासारखं नाही. सगळा वाद येऊन ठेपतो एका ग्रंथावर. इ.स. ३५४ मध्ये फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने रोममधल्या एका ख्रिस्ती गृहस्थासाठी सचित्र दिनदर्शिका तयार केली. तिच्यात २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्याचा जन्म’ (अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असं सहसा मानतात) आणि त्यानिमित्त रथांच्या ३० शर्यती अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात पुढे हुतात्म्यांची यादी येते आणि तिची सुरुवातच मुळी ‘ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला’ अशी होते. तारीख तीच! ही यादी अभ्यासक ३३६ पर्यंत मागे नेतात. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये सूर्याचं देऊळ उभारलं हे खरंच, पण २५ डिसेंबरच्या सूर्यजन्माची याहून जुनी निर्विवाद नोंद कोणी दाखवलेली नाही. मग कोणी कोणाचं ढापलं हे तुम्ही इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर सांगता?

दुसरी उपपत्ती हिशेबाची आहे. पश्चिमेकडे ख्रिस्ताला क्रुसावर दिल्याची तारीख २५ मार्च मानत, इ.स. २००च्या सुमाराला टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक तसं लिहितो. गर्भधारणाही त्याच तारखेची धरली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे ६ एप्रिल धरत, म्हणून ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करतं. यात एक कच्चा दुवा आहे: हा हिशेब स्पष्ट शब्दांत मांडणारा धर्मपंडित ऑगस्टीन पाचव्या शतकातला. तरी मला ही बाजू जास्त पटते.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात दमदार पुरावा, जो तुम्ही दिलाच नाहीत. रोमन लोक २५ डिसेंबर हाच हिवाळी अयनदिन, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, धरत. (आकाशातला अयनदिन तोवर तीन-चार दिवस अलीकडे सरकला होता. सूर्य डिसेंबरातच उत्तरेकडे वळतो, तरी आपण संक्रांत जानेवारीत करतोच की.) पाचव्या शतकात पोप लिओ नाताळाच्या प्रवचनात रोमच्या ख्रिस्ती लोकांना झापतो. का, तर सेंट पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर ही मंडळी आत शिरण्याआधी मागे वळायची आणि उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करायची! म्हणजे सूर्य लोकांच्या मनातून गेला नव्हता. पण याला ढापणं म्हणत नाहीत. लोक जुनं सोडत नाहीत आणि धर्मगुरू वैतागतात, एवढंच यातून दिसतं.

गंमत म्हणजे ‘हा सण मूर्तिपूजकांचा आहे’ हा तुमचा युक्तिवाद सतराव्या शतकात कट्टर ख्रिस्ती लोकच हिरिरीने करत होते. प्युरिटनांच्या (म्हणजे याच कट्टर प्रोटेस्टंटांच्या) इंग्लंडमध्ये १६४७ साली पार्लमेंटने नाताळ बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ साजरा केल्यास पाच शिलिंग दंड होता, तो १६८१ मध्ये उठला. माझ्यावर चर्चची बाजू घेतल्याचा आरोप आहे, पण इथे चर्चवाल्यांच्या शेजारी तुम्हीच बसला आहात.

झाडाचं एका ओळीत: कागदी गुलाब आणि सफरचंदं टांगलेल्या झाडांचं वर्णन मिळतं ते स्ट्रासबर्गचं, १६०५ चं. रोमन सूर्यपूजकांशी त्याचा संबंध जोडायला मधली हजारेक वर्षं गिळावी लागतात.

राहिला इंग्रजांचा मुद्दा. गोव्यात पोर्तुगीज १५१० ला आले आणि नाताळ त्यांच्याबरोबर आला. ख्रिस्ताचं जन्मचरित्र मराठी ओव्यांत सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, तेव्हा मुंबई पोर्तुगीजांकडेच होती. इंग्रज यात शोधायचाच असेल तर एक सापडेल: त्या पुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. पण ते पडले जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, आणि त्यांच्या मायदेशात तेव्हा जेझुइटांना फाशी देत होते.