बायोकेमिस्ट्री ‘संपली’ नाही

खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘अल्फाफोल्डला नोबेल मिळालं, सगळी प्रथिनं सुटली, पीयूसीनंतर पोरांना बायोकेमिस्ट्रीला घालू नका.’ अल्फाफोल्ड म्हणजे प्रथिनाचा त्रिमितीय आकार, म्हणजे रचना, ओळखणारा एआय प्रोग्रॅम. पण नोबेल प्रोग्रॅमला नव्हे, माणसांना मिळतं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या पुरस्काराचा अर्धा वाटा अल्फाफोल्ड बनवणारे हसाबिस आणि जंपर यांचा, अर्धा नवी प्रथिनं घडवणारे बेकर यांचा. मुळात अल्फाफोल्ड शिकलं कशावर? १९७१ पासून साठत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या साठ्यावर. त्यातल्या बहुतेक रचना कुणीतरी प्रथिनाचे स्फटिक वाढवून, क्ष-किरणांखाली धरून मिळवल्यात. (स्फटिक रुसले की महिनेच जातात.) अल्फाफोल्डच्या २० कोटींवर रचना मात्र अंदाज आहेत. ठरावीक आकार न धरणारे प्रथिनाचे भाग तिथल्या चित्रांत बहुधा नारिंगी रंगात दिसतात, म्हणजे खात्री अगदी कमी. ते तपासायला प्रयोगशाळाच लागते.