ल्योंबद्दलचा तो फॉरवर्ड आणि मावशीनं मारलेली काट

मावशी पुढच्या महिन्यात लेकीकडे फ्रान्सला, ल्यों शहरात चाललीय. कुणीतरी तिला 'गाइड सांगत नाहीत अशी ल्योंची रहस्यं' नावाचा लांबलचक मेसेज पाठवला. तिनं तो प्रमाण मानला आणि वहीतल्या यादीत मोंलुक या जुन्या तुरुंगाच्या स्मारकावर काट मारली. हाच मेसेज आणखी कुठकुठल्या ग्रुपांवरून माझ्याकडेही येतोय, तेव्हा एकदाच लिहून टाकते.

'टेकडीवरचा छोटा आयफेल टॉवर आयफेलनंच बांधला.' नाही. फुरव्हिएरचा लोखंडी मनोरा १८९४ चा, पॅरिसच्या टॉवरची नक्कल. आयफेलचा संबंध नाही. आता तिथं अँटेना आहेत, वर जाता येत नाही. पुढे.

'बेलकूर चौकातल्या चौदाव्या लुईच्या पुतळ्याला शिल्पकार रिकिबी घालायला विसरला. अनावरणाच्या दिवशी ते लक्षात आलं आणि त्यानं नदीत जीव दिला.' पुतळा १८२५ चा, शिल्पकार लेमो. हा लेमो १८२७ साली वारला, तोही पॅरिसमध्ये. राजाला रोमन सम्राटाचा थाट दिलाय, आणि रोमन लोक रिकिबी वापरतच नसत. आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडतात, तिकडे शिल्पकाराला बुडवतात!

'त्राबूल म्हणजे जर्मनांपासून लपायला खोदलेली भुयारं.' भुयारं नव्हेत. इमारतींच्या पोटातून, जिने आणि अंगणं ओलांडत एका रस्त्यावरून पलीकडच्या रस्त्यावर काढणारे बोळ आहेत ते, आणि युद्धाच्या कितीतरी आधीचे. रेशमाचे कारागीर माल घेऊन यातूनच ये-जा करत. युद्धात भूमिगतांना त्यांचा उपयोग झाला हे खरं, तेवढे गुण देऊन टाकते. पण 'कुठलंही दार ढकला आणि शिरा' हा सल्ला कोणाचा? आत लोक राहतात. सें-जाँ रस्त्यावर ५४ नंबरला आत शिरावं, ब्यफ रस्त्यावर २७ नंबरला बाहेर पडावं, तेही आवाज न करता.

आणि आता ती ओळ: 'मोंलुक तुरुंग: रिकाम्या कोठड्या, वेळ वाया. जाँ मूलाँला इथं फाशी दिलं, बाकी काही नाही.'

फाशी नाही. मूलाँ हा जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच भूमिगत चळवळीचा नेता; तो २१ जून १९४३ ला ल्योंजवळच्या काल्युइरमध्ये पकडला गेला, त्याला मोंलुकमध्ये ठेवलं, ल्योंमधल्या गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, प्रमुख क्लाउस बार्बी यानं त्याचे अतोनात हाल केले, आणि जर्मनीकडे नेताना जुलैत तो गेला. इतिहासकार मार्क ब्लॉकही याच तुरुंगात होता. १६ जून १९४४ ला त्याला बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. आणि 'बाकी काही नाही' म्हणजे काय? ६ एप्रिल १९४४ ला इझिय गावच्या आश्रयगृहातून ४४ ज्यू मुलं उचलली, सर्वांत लहान मूल चार वर्षांचं. ती रात्र त्यांनी मोंलुकमध्ये काढली. त्यातलं एकही परत आलं नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. १९८७ च्या ज्या निकालानं बार्बीला जन्मठेप झाली, त्यात इझियची मुलं आहेत. १९८३ मध्ये त्याला बोलिव्हियातून आणलं, तेव्हा न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांनी त्याला आधी मोंलुकमध्येच ठेवायला लावलं. बादँतेरांच्या वडिलांना बार्बीच्या माणसांनी याच शहरातून पकडून नेलं होतं.

खटला चालला ती चोवीस खांबांची इमारत सोन नदीच्या काठावर आहे. मेसेजमध्ये तिचंही नाव आहे, 'बेस्ट सेल्फी पॉइंट' म्हणून.