दोन पर्यायांवर येऊन सोडून दिलेले प्रश्न

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी एक मुलगी आली. बारावीत आहे, जानेवारीत जेईई मेन, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. भंवरकुआच्या क्लासमधली टेस्ट संपवून थेट माझ्याकडे. चपला काढता काढताच म्हणाली, "काकू, या वेळी पण एकशे अठराच." डोळे भरून आलेले. पावसाळ्यापासून दर रविवारी टेस्ट देते आहे आणि मार्क तिथेच घुटमळताहेत. तीनशेपैकी एकशे दहा, एकशे वीस, पुन्हा एकशे बारा.

मी चहा ठेवला आणि म्हटलं, "मार्कांचं राहू दे. रफची पानं दाखव."

"ती तर तिथेच फेकली काकू. त्यांचं काय करायचं?"

ही पोस्ट लिहायला बसले ती या उत्तरामुळे. बावीस वर्षं घरी गणित शिकवते आहे आणि हे उत्तर मी दर वर्षी ऐकते. दोष मुलांचा नाही. रविवारी टेस्ट, सोमवारी बॅचमधला नंबर फळ्यावर, मंगळवारी नवा धडा, की पुन्हा रविवार आलाच. हिच्या क्लासच्या पालकसभेत तिच्या आईने विचारलं की मार्क वाढत का नाहीत, तर उत्तर मिळालं, "टेस्टची संख्या वाढवतो." दिलेली टेस्ट नीट बघायला वेळ कधी मिळणार, हे कुणी विचारलंच नाही. मला याचा मनापासून राग येतो. त्या घराने वर्षाची फी भरण्यासाठी काय काय बाजूला ठेवलं आहे ते मला माहीत आहे.

असो. आम्ही दोघी त्या पेपरवर बसलो. प्रश्न ७५. तिने सोडवले ४७. त्यांतले ३३ बरोबर, १४ चूक. म्हणजे १३२ मधून १४ वजा, ११८. राहिले २८ प्रश्न, ज्यांचं उत्तर तिने दिलंच नव्हतं. त्या २८ वरून मी एकेक करून बोट फिरवलं आणि विचारत गेले, "हा का सोडलास?" काही धडे झालेलेच नव्हते, काहींना वेळ पुरला नव्हता. पण अकरा प्रश्न असे निघाले जिथे तिने चारांतले दोन पर्याय खोडले होते आणि मग उरलेल्या दोनांत ठरेना म्हणून प्रश्न तसाच सोडून दिला होता. का, तर "पप्पा म्हणतात, पक्कं येत नसेल तर सोडून द्यायचं. मायनस होतात."

उत्तरपत्रिका उघडायच्या आधी तिला त्या अकरांवर मनाला पटेल त्या पर्यायाची खूण करायला लावली. सहा बरोबर आले, पाच चुकले. चोवीसमधून पाच गेले, एकोणीस मार्क. एवढे मार्क तिने त्या तीन तासांत अर्धे कमावून टेबलावरच ठेवले होते.

"येत नसेल तर सोडून दे" हा सल्ला आपल्या घराघरांत आहे, आणि तो प्रेमापोटीच दिला जातो. पण एकदा कागदावर हिशेब करून बघा. जेईई मेनमध्ये बरोबरला चार, चुकीला उणे एक. दोन पर्याय खोडून झाल्यावर सरासरी दोन प्रश्नांत एक बरोबर येणार: चार मिळाले, एक गेला, दोन प्रश्नांमागे तीन मार्क हाती. पाचांत एकच बरोबर आला तरी चार मिळतात आणि चार जातात, म्हणजे नुकसान नाही. इतकंच काय, डोळे मिटून खूण केली तरी चार प्रश्नांमागे सरासरी एक मार्क उरतो. तरीही डोळे मिटून खूण करा असं मी सांगणार नाही. पेपर काढणारी माणसं मुलांच्या नेहमीच्या चुकांवरूनच पर्याय बेततात. चिन्ह चुकवून जे उत्तर येतं ते पर्यायांत हमखास दिलेलं असतं. "हेच वाटतंय" म्हणून केलेली खूण बहुतेकदा तिथेच जाऊन पडते. आणि प्रत्येक विषयातले ते पाच प्रश्न, ज्यांचं उत्तर आकड्यात लिहायचं असतं, त्यांना पर्यायच नाहीत आणि चुकलं की उणे एक आहेच. तिथे अंदाज पूर्ण बंद.

पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला नेमका उलटा असतो. "सगळे प्रश्न सोडवून टाकायचे, एकही सोडायचा नाही." तो त्यांच्या एमएचटी-सीईटीसाठी, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेसाठी, बरोबर आहे, कारण तिथे उणे मार्क नाहीतच. आपली मुलं घरात मराठी बोलत असली तरी डोमिसाइल मध्य प्रदेशाचं. इथल्याच जीएसआयटीएस किंवा विद्यापीठाच्या आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजांत घरी राहून शिकायचं म्हटलं तरी जेईई मेनचीच रँक लागते. दिवाळीत भावंडं भेटली की हे दोन्ही सल्ले मुलांच्या डोक्यात एकत्र होतात आणि परीक्षेच्या खोलीत कुठला आठवेल याचा नेम नसतो. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाच्या सीयूईटीला आणखी वेगळं, बरोबरला पाच आणि चुकीला उणे एक, म्हणजे सहांत एक बरोबर आला तरी बरोबरी. आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या परीक्षेत गणिताच्या लहान उत्तरांच्या भागाला उणे मार्क नाहीत, तरी तिथे जागा कोऱ्या सोडून आलेली मुलं मी पाहिली आहेत. नियमांचं पान वाचायला दहा मिनिटं लागतात हो! अभ्यासाचं पहिलं पान तेच समजा.

आता ते चुकलेले चौदा. रफची पानं नव्हती, म्हणून तेच प्रश्न माझ्यासमोर कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायला लावले. मी काही न बोलता नुसती बघत होते. कॉम्प्लेक्स नंबरचं गणित होतं. पहिल्या तीन ओळी सुरेख. चौथ्या ओळीत तिने लिहिलेला झेड पाचव्या ओळीत तिने स्वतःच दोन म्हणून वाचला, आणि तिथून पुढचं सगळं वाया. तिचा झेड आणि तिचा दोनचा आकडा, दोन्ही अगदी जुळे. मी दोन्हींवर बोट ठेवलं तेव्हा ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग जुनी वही काढली, त्यातही तीन ठिकाणी तेच. आता ती झेडच्या पोटावर आडवी रेघ मारते.

ही चूक क्लासच्या रिपोर्टमध्ये "सिली मिस्टेक" या नावाने येते, आणि घरी तिला "लक्ष नाही तुझं" असं ऐकावं लागतं. पण अशी एक चूक पाच मार्कांना पडते: मिळणारे चार गेले आणि वर एक कापला. चौदांपैकी पाच चुका या जातीच्या होत्या. पंचवीस मार्क. धडा येत होता, सूत्र येत होतं. हे रफच्या पानांवरच दिसतं, रिपोर्टमध्ये कधीच दिसत नाही.

दोन-चार मार्कांनी काय होतं, असं वाटणाऱ्या पालकांसाठी: पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरांतली किती मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा. २०२५ साली जानेवारी आणि एप्रिल अशी दोन्ही सत्रं मिळून १४ लाखांहून जास्त मुलं जेईई मेनला बसली. एक पर्सेंटाइल सरकला की चौदा हजारांवर मुलं पुढे किंवा मागे.

तिला आता एक सवय लावली आहे. सराव टेस्टमध्ये प्रत्येक उत्तरापाशी रफवर एक अक्षर लिहायचं. प म्हणजे पक्कं, द म्हणजे दोनांतलं एक, अ म्हणजे अंदाज. घरी आल्यावर तिन्ही वेगवेगळे मोजायचे. द मध्ये पाचांत एकाहून जास्त बरोबर येत असतील तर ते सोडायचे नाहीत. प मध्ये चुका निघत असतील तर आधी रफची पानं काढायची. हा हिशेब ज्याचा त्याचा वेगळा येतो, दुसऱ्याचा उपयोगी पडत नाही. आणि एक टेस्ट अशी पूर्ण उलगडून झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही, मग एखादा रविवार बुडाला तरी चालेल. क्लासवाल्यांशी मी बोलेन.

जानेवारीच्या परीक्षेनंतर परीक्षा घेणारी संस्था एनटीए प्रत्येकाची रिस्पॉन्स शीट, म्हणजे त्याने दिलेल्या उत्तरांची नोंद, उपलब्ध करून देते. बहुतेक घरांत ती एकदाच उघडतात, मार्क मोजायला. एप्रिलचं सत्र द्यायचं असेल तर तिच्याइतका चांगला सरावाचा पेपर बाजारात मिळणार नाही. दोन्हींतला जो स्कोअर चांगला तोच रँकला धरतात, त्यामुळे बोर्डाच्या पेपरांच्या गडबडीतही तिच्यासाठी दोन दिवस काढा.

आपल्या भागातली कुणाची मुलं अशीच एका आकड्यावर अडकली असतील तर रविवारी संध्याकाळी सहानंतर पाठवा. फीचा प्रश्न नाही. फक्त येताना रफची पानं आणायला सांगा, चुरगळलेली असली तरी चालतील.