फॉरमॅट मारल्याने अपग्रेड लायसन्स जात नाही

विंडोज नव्याने टाकायचा विषय निघाला की एक मजकूर कुणी ना कुणी हमखास पुढे पाठवतं. थोडक्यात तो असा: "अपग्रेड लायसन्सवर क्लीन इन्स्टॉल चालत नाही, आधी जुनी विंडोज टाका, मगच नवी. डिस्क फॉरमॅट मारून बसला असाल तर रजिस्ट्रीत एक बदल करा, अपग्रेडची की फुल होऊन जाते. एकदा अॅक्टिव्हेट झालं की सगळं कायदेशीर. शिवाय जुनी की मोकळी होते, ती दुसऱ्या मशीनला वापरा."

आधी शब्द समजून घेऊ. क्लीन इन्स्टॉल म्हणजे कोऱ्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकणं. की म्हणजे लायसन्ससोबत मिळणारा आकडे-अक्षरांचा कोड, आणि अॅक्टिव्हेट करणं म्हणजे तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून तपासून घेणं. अपग्रेडची की जुन्या विंडोजच्या जोरावर मिळते, फुल कीला जुनी विंडोज लागत नाही. रजिस्ट्री ही विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. मजकुरातलं पहिलं वाक्य एके काळी अर्धंमुर्धं खरं होतं. त्याच्या आधारावर बाकीची खपून जातात.

"क्लीन इन्स्टॉल चालत नाही." विंडोज एक्सपीच्या अपग्रेड सीडीवरून कोऱ्या डिस्कवर थेट इन्स्टॉल करता यायचं. सेटअप मध्येच थांबून विंडोज ९८ किंवा २००० अशी जुनी सीडी मागायचा. ती घालून दाखवली की पुढे सरकायचा. डिस्क भरलेली आहे की कोरी, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. तुमच्याकडे जुनी विंडोज आहे ना, एवढंच बघायचं असे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली आणि सीडी दाखवायची ही सोय गेली. अपग्रेडची की वापरायची तर सेटअप चालू विंडोजच्या आतूनच सुरू करायचा, असा दंडक आला. हा समज बहुधा तिथेच रुजला. लोकांनी पळवाटही लगेच काढली: की न देताच व्हिस्टा टाकायची, मग तिच्या आतून सेटअप पुन्हा चालवून की द्यायची. तीच विंडोज एका बैठकीत दोनदा! करमत नसेल त्याने करावं असं काम.

गंमत पुढे आहे. २००९च्या विंडोज ७मध्ये एक्सपीवरून प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून वर चढायची वाटच नव्हती. अपग्रेड पॅक एक्सपीवाल्यांना विकला जात होता, पण सेटअपमध्ये त्यांना 'कस्टम' हाच पर्याय घ्यावा लागे. म्हणजे विंडोज नवी कोरी, सगळे प्रोग्रॅम पुन्हा टाकायचे आणि जुन्या फायली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात. ३२ बिटवरून ६४ बिटवर जायचं तरी हेच. मजकुरात जे "चालत नाही" म्हटलंय, ती एक्सपीवाल्यांसाठी एकमेव अधिकृत वाट होती. अपग्रेड लायसन्स म्हणजे आधीचं लायसन्स आहे म्हणून स्वस्तात मिळालेला हक्क. फायली डिस्कवर कशा उतरवायच्या हा वेगळा प्रश्न.

"रजिस्ट्रीत बदल केला की की फुल होते." ही युक्ती विंडोज ७ची. कोऱ्या डिस्कवर अपग्रेडची की दिली की बऱ्याचदा 'एफ०६१'वर संपणारा एरर यायचा: ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, क्लीन इन्स्टॉलसाठी नाही. मग रजिस्ट्रीतल्या 'मीडियाबूटइन्स्टॉल' या नोंदीची किंमत १ची ० करायची, विंडोजच्या 'एसएलएमजीआर' या लायसन्सच्या कमांडला रीआर्म, म्हणजे अॅक्टिव्हेशनची स्थिती पूर्ववत करायला, सांगायचं, मशीन रीस्टार्ट करायचं आणि पुन्हा अॅक्टिव्हेट करायचं. हे व्हायचं, यात वाद नाही. पण त्या १चा अर्थ एवढाच की सेटअप डिस्कवरून बूट करून चालला होता. तो पुसल्याने सेटअपची समजूत बदलते, की होती तीच राहते. ज्याच्याकडे एक्सपी किंवा व्हिस्टाचं खरं लायसन्स होतं, त्याने जुनी डिस्क बिघडल्यावर हे केलं तर मला त्यात काही गैर दिसत नाही. ज्याच्याकडे काहीच नव्हतं, त्याला यातून काहीच मिळालं नाही.

"अॅक्टिव्हेट झालं की कायदेशीर." नाही. अॅक्टिव्हेशन सर्व्हर कीची वैधता आणि वापर तपासतो. तुमच्या कपाटात जुनं लायसन्स आहे का, हे त्याला दिसत नाही.

"जुनी की मोकळी होते." हे तर साफ उलटं आहे. विंडोज ७च्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं की अपग्रेड केल्यावर ज्यावरून अपग्रेड केलं ते सॉफ्टवेअर पुढे वापरता येणार नाही. जुनं लायसन्स नव्याचा पाया असतं. पाया उपसून शेजारच्या घराला लावायचा आणि वरचा मजला जागेवर राहील म्हणायचं, असला हा हिशेब. त्यात जुनी विंडोज मशीनसोबत आलेली ओईएम असेल तर ती त्याच मशीनला बांधलेली. ती दुसरीकडे न्यायचा प्रश्नच येत नाही.

आता विंडोज १०, कारण हा मजकूर हल्ली तिच्याच नावाने फिरतो. २९ जुलै २०१५ रोजी ती आली तेव्हा ७ किंवा ८.१ वरून फुकट अपग्रेड घेणाऱ्याला आधी अपग्रेड करावंच लागे. कोऱ्या डिस्कवर ७ची की ती स्वीकारत नसे. पण त्याच नोव्हेंबरच्या १५११ आवृत्तीपासून ७, ८, ८.१च्या कीज थेट क्लीन इन्स्टॉलमध्ये चालू लागल्या. म्हणजे हा नियम जेमतेम चार महिने टिकला. २०२३च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने जुन्या कीजची ही वाट बंद केली, तरी आधी मिळालेलं डिजिटल लायसन्स शाबूत आहे. ते मशीनच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी, जोडून सर्व्हरवर नोंदलेलं असतं. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट मारा, विंडोज टाकताना 'माझ्याकडे की नाही' म्हणून सांगा. इंटरनेट मिळालं की ती आपसूक अॅक्टिव्हेट होते.

मग "फॉरमॅट मारला आणि लायसन्स गेलं" असं शपथेवर सांगणारे कुठून येतात? बहुतेकदा एडिशनची, म्हणजे होम की प्रो या प्रकाराची, चूक असते. लॅपटॉप होम एडिशनसह आलेला असतो आणि होमची की फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, कोरलेली असते. मालकाने पुढे प्रोचं अपग्रेड घेतलेलं असतं. क्लीन इन्स्टॉल करताना सेटअप फर्मवेअरमधली की वाचतो आणि काही न विचारता होम टाकून मोकळा होतो. माणसाला वाटतं, प्रो गेली. गेलेली नसते, प्रोचं लायसन्स सर्व्हरवर तसंच असतं, फक्त समोर होम बसलेली असते. पेन ड्राइव्हच्या 'सोर्सेस' फोल्डरात 'ईआय डॉट सीएफजी' ही छोटी फाइल ठेवली की सेटअप एडिशन विचारतो, तिथे प्रो निवडायची. हे न जमल्यास नंतर सेटिंग्जमधून एडिशन बदलता येते.

फॉरमॅट मारण्याआधी सेटिंग्जमधलं अॅक्टिव्हेशनचं पान उघडून एडिशन कोणती आहे ते कागदावर टिपून ठेवा, आणि लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं आहे का तेही बघा. पुढे मदरबोर्ड बदलावा लागला तर ही जोडणीच उपयोगी पडते.