'पालक-मित्र' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'पालक-मित्र', न्यूरोफायब्रोमॅटोसिस (थोडक्यात एनएफ, मज्जातंतूंवर गाठी आणि कातडीवर डाग आणणारा जनुकीय आजार) यातल्या हाडांच्या त्रासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "बाई, आयांना घाबरवायचा धंदा बंद करा. लहान मुलांचे वाकडे पाय आपोआप सरळ होतात. बहुतेक एनएफ मुलांना असलं काही होत नाही."

आधी त्या 'धंद्या'बद्दल. या ब्लॉगवर एक जाहिरात नाही. घरातलं आवरून रात्री अकरानंतर मी लिहायला बसते. ओळखदेख नसताना कुणाच्या मुलाच्या दुखण्याला धंदा म्हणायचं, ही कुठली रीत? आपलं नाव लपवून तर मुळीच नाही.

एक चूक मान्य. या आजाराची खूण म्हणून कातडीवर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, एवढंच मी लिहिलं होतं, आकार राहिला. लहान मुलात डाग ५ मिलिमीटरपेक्षा मोठे हवेत, वयात आल्यावर १५पेक्षा. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता 'आपोआप सरळ होतात'. हेच वाक्य मी लेकाच्या नवव्या महिन्यात ऐकलंय. लालबागच्या आमच्या खोलीत मालिशवाल्या मावशींचा अंगठा त्याच्या डाव्या नडगीवर थांबला. "ही पुढे आलीय गं," म्हणाल्या. तेव्हाच्या आमच्या डॉक्टरांनी पाय हातात न घेताच सांगितलं, चालायला लागला की होईल सरळ. चौदाव्या महिन्यात पलंगाला धरून उभा होता, बसकन खाली बसला आणि नडगी मोडली. ती जुळेना. मोडलेल्या जागी हाड हलायचं, जणू तिथे खोटाच सांधा. दोन ऑपरेशनं झाली, मग इलिझारोव्हच्या रिंगा, म्हणजे पायाबाहेरून बसवलेल्या आणि कातडीतून जाणाऱ्या तारांनी हाडाला जोडलेल्या. रोज संध्याकाळी प्रत्येक तारेभोवतीची कातडी मी पुसायचे आणि तो माझी ओढणी दातात धरून बसायचा.

बाळांचे नेहमीचे फेंगडे पाय दोन्हीकडे सारखे असतात, गुडघ्यांपाशी बाहेर जातात आणि साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत सरळ होत येतात. एनएफ-१ (या आजाराचा नेहमी आढळणारा प्रकार) मधली वाकडी नडगी बहुधा एकाच पायाची असते, गुडघ्याखाली पुढे आणि बाहेर वाकते, कारण ते हाडच नीट घडलेलं नसतं. ती वाट बघून सरळ होत नाही. ब्रेस, म्हणजे पायाला बाहेरून आधार, लावायचा तो हाड मोडण्याआधी. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

बहुतेकांना होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या मुलाला झालं.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून एका आईने फोटो पाठवला. सात महिन्यांची मुलगी, पोटावर डाग, एक नडगी पुढे आलेली. तिला म्हटलं, मालिश जोरात नको, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा आणि एक्स-रे काढून घे. तुम्ही तिला काय सांगितलं असतंत?