मराठवाड्यातले डोंगर ज्वालामुखी? टोपोशीट उघडून बघा

“देवगिरीपासून बालाघाटापर्यंतचे शंकूसारखे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी. काळा दगड, टोपोशीटवरच्या (जमिनीची उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावरच्या) गोल रेषा आणि चहूकडे उतरणारे ओढे हाच पुरावा,” असा मजकूर सध्या फिरतोय. दगड लाव्ह्याचा आहे, एवढं खरं. डोंगर मात्र ज्वालामुखी नाहीत.

आधी काळा दगड. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून वर आला आणि थरावर थर आडवा पसरला. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा 338 मीटरवर बेसॉल्ट (हाच तो काळा दगड) संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. विहिरीत काळा पाषाण, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊसर दगड), मधेच तांबडा पट्टा लागतो, ते हेच थर.

गोल रेषांचं म्हणाल, तर सुटा डोंगर कसाही बनलेला असो, त्याच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बंदच होणार. बघायचं ते दोन रेषांमधलं अंतर. 1:50,000 च्या शीटवर सहसा दर 20 मीटर चढाला एक रेषा असते. शेजारशेजारचे तीन डोंगर घ्या. रेषा कोणत्या उंचीवर दाटतात (तिथे कडा), कुठे विरळ होतात (तिथे सपाट पायरी) ते लिहून काढा. कडा आणि पायरी तिन्हीकडे जवळपास एकाच उंचीवर येतात, कारण थर सलग होता. मधला भाग नाल्यांनी वाहून नेला. थरांना किंचित कल असतो, त्यामुळे लांबचे डोंगर जुळवाल तर फसाल. 20 मीटरहून पातळ थर नकाशावर हरवूही शकतो. देवगिरीवर तर हा प्रयोग नकोच: तिथला सुमारे 50 मीटरचा कडा माणसांनी तासलाय!

खरं विवर असेल तर आतल्या बाजूला आखूड रेघा असलेली बंद रेषा दिसते (खाणीलाही दिसते, म्हणून खूण वाचा). कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातला अँबॉय शंकू जेमतेम 75 मीटरचा, पण माथ्यावर विवर आहे. त्याच्या लाव्ह्याने खोरंच अडवलं. ब्रिस्टल आणि बॅगडॅड ही कोरडी तळी वेगळी पडली. तिथलं पाणी समुद्राला जात नाही.

आपल्याकडे ओढे टेकडीवरून चहूकडे उतरले तरी पुढे नदीलाच मिळतात. पाटोद्याकडे उगम पावणारी मांजरा बालाघाटाचं पाणी गोळा करत शेवटी गोदावरीत जाते.

“विवर झिजून गेलं असेल,” हा शेवटचा बचाव. तसं असतं तर लाव्हा वर येण्याच्या नळीत गोठलेला उभा दगड उरला असता, आणि त्याला आडव्या थरांच्या पायऱ्या नसतात.