नळी घाल ना बाबा सायलेन्सरमध्ये!

पीयूसी (गाडीच्या धुराची तपासणी आणि तिचं सर्टिफिकेट) नावाची जी काय थट्टा चाललीये ना आपल्याकडे, तिच्याबद्दल आज बोलणारच. आणि "अरे सव्वाशे दीडशे रुपयाची गोष्ट, कशाला डोकं लावतो" म्हणणाऱ्यांनी पुढे वाचूच नका, कारण तुमच्यामुळेच हे चाललंय.

माझी गाडी बीएस फोर (म्हणजे धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) पेट्रोल. सर्व्हिसिंग वेळेवर, एअर फिल्टर वेळेवर, टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आणि तीही सकाळी गाडी थंड असताना, सिग्नलला मोठा आकडा दिसला की इंजिन बंद (मागचा हॉर्न वाजवतोच, ६० सेकंद बाकी असताना पण वाजवतो, कुठे जायचं असतं यांना देव जाणे). एवढं करून गेल्या काही महिन्यांत अ‍ॅव्हरेज पडलंय. म्हटलं पीयूसी संपतच आलीये, जरा नीट आकडे तरी कळतील. कारण ती टेस्ट खरी केली ना तर ती गाडीची तब्येत सांगते हो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.३ टक्क्याच्या आत पाहिजे, हायड्रोकार्बन (एचसी) २०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत २०० भागांच्या आत. सीओ वाढला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ऑक्सिजन सेन्सर गंडला असेल नाहीतर इंजेक्टर गळत असेल. एचसी वाढला म्हणजे न जळता बाहेर पडतंय, प्लग नाहीतर कॉइल बघा. एवढं सगळं एका नळीतून कळतं!

पण नळी घालतोय कोण? पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात टपरी, बाहेर रांग, रांगेतल्या सगळ्या गाड्यांची इंजिनं चालू, एसी चालू, काचा वर. प्रदूषणाच्या सर्टिफिकेटसाठी धूर सोडत उभे. माझा नंबर आला, पोऱ्याने नंबर प्लेटचा फोटो काढला, मोबाइल नंबर विचारला, खटखट टाइप केलं, प्रिंट हातात. मशीनची नळी तिथेच खिळ्याला टांगलेली, तिच्यावर धूळ, टोकाला कोळ्याचं जाळं!! म्हटलं अरे नळी घाल ना बाबा सायलेन्सरमध्ये, तर म्हणतो कसा, "कशाला काका, गाडी चांगलीये तुमची, पास आहे." अरे पण तू डोळ्यांनी सीओ मोजला का? रक्त न काढता शुगरचा रिपोर्ट देण्यातला प्रकार आहे हा. मी म्हटलं मला खरं रीडिंग पाहिजे, तर मागचा एसयूव्हीवाला काच खाली करून "ओ साहेब, घ्या ना पटकन". आणि कागदावर आकडे आहेत बरं का, दशांशासकट!

बरं नियमात नुसतं आयडलिंग नाहीये, चारचाकी पेट्रोलला इंजिन साधारण २५०० आरपीएमवर नेऊन लॅम्बडा, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण, पण बघायचा असतो, तो ०.९७ ते १.०३ च्या मध्ये पाहिजे. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब झालाय किंवा कोणी काढूनच टाकलाय हे अशाच टेस्टला पकडलं जातं. आता ती टेस्टच होत नाही म्हटल्यावर कन्व्हर्टर काढून फटफट्या सायलेन्सर लावून रात्री साडेअकराला सोसायटीखालून जाणारा पण पास, टेकडीच्या चढावर काळाकुट्ट धूर ओकत मागच्या टू व्हीलरवाल्यांना आंघोळ घालणारा पाण्याचा टँकर पण पास, आणि मी पण पास. मग मी कशाला मरतोय एअर फिल्टर बदलून?

दंडाचं म्हणाल तर २०१९ पासून कायद्यात पीयूसी नसेल तर १०,००० पर्यंत दंड आहे. २०२५ ला आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी नो पीयूसी नो फ्युएलची घोषणा केली. म्हणजे कागद नसेल तर पेट्रोल नाही, अरे पण कागद तर पंपाच्याच कोपऱ्यात फोटो काढून मिळतोय! धूर कोण तपासणार? दंड जेवढा वाढवाल तेवढी त्या टपरीची रांग वाढणार, दुसरं काही नाही, धूर आहे तिथेच आहे आणि त्यात श्वास घेत उभा असतो तो चौकातला ट्रॅफिक हवालदार, त्याला विचारा पीयूसीचा फायदा.

सर्व्हिस सेंटरला गेलो असतो तर त्यांनी रीडिंग बाजूला ठेवून इंजिन डीकार्बनायझेशनच (आतली काजळी साफ करणं) माथी मारलं असतं, ते वेगळंच दुखणं, त्यावर परत कधीतरी.

तर अ‍ॅव्हरेज का पडलं ते अजून कळलेलं नाही, सर्टिफिकेट मात्र वर्षभराचं आहे. पुण्यात खरोखर नळी घालून, इंजिन रेस करून टेस्ट करणारा एक तरी माणूस कोणाला माहीत असेल तर सांगा, कोथरूड हडपसर कुठेही येतो, डबल पैसे घे म्हणावं, फक्त ते जाळं काढून ठेव आधी.